एकाच मिक्सरवरची तीन शून्यं

साउंड मिक्सर विकत घेतोय असं घरी जाहीर केलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "का रे? आत्ताचा काय वाईट आहे? चटणी तर छान होते त्यात."

तर मंडळी, हा चटणीचा मिक्सर नव्हे. गणपतीत ऑर्केस्ट्रा असला की गर्दीच्या मागे एका टेबलावर शंभर-दोनशे बटणांचा जो सपाट डबा असतो आणि ज्याच्यामागे एक माणूस गंभीर चेहऱ्याने उभा असतो, तो. लांबून बघितलं तर विमानाचं कॉकपिट वाटतं. पण आपल्या भाषेत सांगायचं तर तो नुसता फॉर-लूप आहे. एक उभी पट्टी समजली की झालं, बाकीच्या सगळ्या तिच्याच कॉपी-पेस्ट. माइकचा सिग्नल वरून शिरतो आणि उतरत जातो. आधी गेनचा नॉब, मग इक्वलायझर, मग स्टेजवरच्या मॉनिटरला किंवा रिव्हर्बला थोडा आवाज काढून देणारे ऑक्स, मग डावं-उजवं ठरवणारा पॅन, आणि तळाशी वरखाली सरकणारा फेडर. बस्स.

खरी गंमत आहे शून्यात. फेडरच्या बाजूला आकडे छापलेले असतात, त्यात एक शून्य असतं. ते तळाशी नसतं, बरंच वर असतं. मीटरवर दुसरं शून्य असतं, तेही टोकाच्या थोडं अलीकडे. आणि हाच मिक्सर यूएसबीने लॅपटॉपला जोडला की रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरं शून्य दिसतं, ते मात्र अगदी माथ्यावर. तिन्हींचे अर्थ वेगळे, आणि एकाचाही अर्थ 'आवाज बंद' असा नाही! (बंद म्हणजे फेडरच्या तळाशी असलेलं ते आडवं आठाचं चिन्ह, उणे अनंत.) ही तीन शून्यं तीन वेगवेगळ्या काळांत, तीन वेगवेगळ्या लोकांनी ठरवली. त्यातल्या एका शून्याने पुढे पंधरा-वीस वर्षांच्या संगीताची पार वाट लावली.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेलिफोनवाल्यांकडे आवाज किती कमी झाला हे मोजायचं एकक होतं 'एक मैल स्टँडर्ड केबल'. म्हणजे एक मैल लांबीच्या ठरावीक केबलमधून जाताना आवाज जेवढा घटतो तेवढा. हे ऐकायला गावठी वाटतं, पण एवढा फरक साधारणपणे माणसाच्या कानाला जेमतेम कळतो, म्हणून ते चाललं. १९२४ मध्ये बेल कंपनीने त्याऐवजी गणितात बसणारं लॉगॅरिदमवर आधारलेलं एकक आणलं आणि काही वर्षांतच त्याला नाव दिलं डेसिबल, अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावरून. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की डेसिबल ही तुलना आहे. 'शून्य डेसिबल' म्हणजे 'ज्याच्याशी तुलना करतोय त्याच्याइतकंच'. कशाशी, हे सांगितल्याशिवाय त्या शून्याला काही अर्थ नाही. तीन शून्यांचा सगळा घोळ इथेच आहे.

आता १९३० चं दशक. अमेरिकेत रेडिओ जोरात. एका शहरातल्या स्टुडिओत कार्यक्रम चालू आणि तो टेलिफोनच्या तारांवरून हजारो मैल दूरच्या केंद्रांना जातोय. आवाज फार कमी पाठवला तर तारेच्या खरखरीत बुडतो, फार जास्त पाठवला तर पुढची उपकरणं तो फाडतात. म्हणून प्रत्येकाने मीटर लावले होते, पण ज्याची त्याची फूटपट्टी वेगळी. स्टुडिओतला मीटर एक सांगणार, टेलिफोन कंपनीचा दुसरं, ट्रान्समीटरवरचा तिसरंच. "आमच्याकडून तर बरोबर गेलंय, तुमच्याकडेच काहीतरी असेल." हे वाक्य आपल्याकडे कोणी ऐकलं नसेल तर हात वर करा! :)

शेवटी बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस एकत्र बसले आणि १९३९ मध्ये एक मीटर सर्वांसाठी ठरला. नाव व्हीयू मीटर, व्हॉल्यूम युनिट. जुन्या टेपरेकॉर्डरवर किंवा सिनेमातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत पिवळसर तबकडीवर डुलणारा काटा दिसतो ना, तोच. तबकडीचा तो साय-रंग शोभेसाठी नव्हता. दिवसभर काट्याकडे बघत बसणाऱ्या ऑपरेटरच्या डोळ्यांना त्रास कमी व्हावा आणि तरी आकडे स्पष्ट दिसावेत, म्हणून तो निवडला होता. पट्टी उणे २० पासून अधिक ३ पर्यंत, शून्याच्या पुढचा भाग लाल.

पण त्या मीटरचा खरा निर्णय रंगाचा नव्हता, काट्याच्या वेगाचा होता. अचानक आवाज सुरू झाला तर काटा आपल्या जागी पोचायला सुमारे ०.३ सेकंद घेतो. हे मुद्दाम तसं ठेवलंय, आणि किती पुढे जाऊन मागे यायचं (जेमतेम एक ते दीड टक्का) हेसुद्धा लिहून ठेवलंय. म्हणजे टाळी वाजली, ढोलकीवर थाप पडली, तर तिचं टोक येऊन गेलं तरी काटा निम्म्या वाटेवरच असतो. बोलण्यात आणि गाण्यात खरी टोकं काट्याने दाखवलेल्या पातळीपेक्षा सहज दहा-बारा डेसिबल वर असतात. मग असा आळशी मीटर का केला? स्वस्त होता हे एक कारण आहेच, कॉपर ऑक्साइडचा साधा रेक्टिफायर पुरायचा, व्हॅक्यूम ट्यूबची गरज नव्हती. दुसरं कारण मला फार आवडलं. लांबच्या तारेतून जाताना आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी थोड्या मागेपुढे होतात, त्यामुळे लहरीचा आकार बदलतो आणि टोकांची उंचीही बदलते. कानाला मात्र आवाज जवळपास तसाच ऐकू येतो. म्हणजे टोकं मोजणारे दोन मीटर तारेच्या दोन टोकांना पुन्हा भांडले असते! सरासरीकडे झुकणारा काटा दोन्हीकडे सारखंच बोलला.

इंग्लंडात बीबीसीने त्याच दशकात नेमकं उलट केलं. त्यांचा पीपीएम, म्हणजे पीक प्रोग्राम मीटर. काळी तबकडी, त्यावर पांढरे आकडे १ ते ७, शेजारच्या दोन आकड्यांमध्ये साधारण चार डेसिबल. हा काटा झटकन चढतो आणि सावकाश, दोन-तीन सेकंद घेत उतरतो, म्हणजे डोळ्याला टोक वाचायला वेळ मिळतो. ऑपरेटरला सांगणं एकच, ६ च्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यांना काळजी ट्रान्समीटरची होती. पण तिथेही शहाणपण असं की काही मिलिसेकंदांचं अगदी बारीक टोक हा मीटर जाणूनबुजून सोडून देतो, कारण तेवढ्यापुरता आवाज फाटला तरी कानाला कळत नाही.

सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम डॅशबोर्डवर बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. व्हीयू म्हणजे अॅव्हरेज, पीपीएम म्हणजे नाइन्टी-नाइन्थ पर्सेंटाइल. एक ऐकणाऱ्याला काय जाणवतंय ते सांगतो, दुसरा यंत्र कुठे तुटेल ते.

असो. तर पहिलं शून्य हे. शून्य व्हीयू म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेली कामाची पातळी, व्होल्टेजमध्ये सांगायचं तर १.२२८ व्होल्ट. त्याच्या वरही जागा असते, तिला हेडरूम म्हणतात, आणि काट्याला न दिसणारी टोकं त्या जागेत सुखाने राहतात. टेप असेल तर शून्य ओलांडल्यावर लगेच काही फुटत नाही. आवाज हळूहळू दाटतो, जरा जाड होतो, कित्येकांना तो आवडतोही.

दुसरं शून्य फेडरचं. सुरुवातीच्या मिक्सरवर फेडर नव्हतेच, मोठे गोल नॉब होते. दोन हातांत दोन नॉब, तिसरा फिरवायला माणूस हवा. अटलांटिक रेकॉर्ड्सचा इंजिनीअर टॉम डाउड (हा गडी तरुणपणी मॅनहॅटन प्रोजेक्टवर काम करून आलेला, म्हणजे आपल्यासारखाच लाइन बदललेला) याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आठ ट्रॅकचं रेकॉर्डिंग आल्यावर, सरळ रेषेत सरकणारे फेडर शेजारी शेजारी बसवले. आता दहा बोटांत दहा आवाज, पियानोसारखे. सगळं श्रेय त्या एकट्याला देऊ नये असं माझं मत आहे, युरोपातही सरकपट्ट्यांचे प्रकार होतेच. आणि बीबीसीच्या जुन्या डेस्कवर तर फेडर उलटे, आवाज वाढवायला स्वतःकडे ओढायचा! साहेबाचं सगळंच वेगळं.

फेडरवरच्या शून्याचा अर्थ 'मी काहीही करत नाही'. जेवढं आलं तेवढं पुढे, गुणिले एक. त्याच्या वर साधारण दहा डेसिबल वाढवायला जागा, खाली अनंतापर्यंत कमी करायला. बारकाईने बघा, शून्याच्या आसपास आकडे ऐसपैस आहेत आणि खाली दाटीवाटीने. म्हणजे शून्याजवळ सेंटिमीटरभर सरकवलं तर चार-पाच डेसिबलचा फरक, तळाशी तेवढंच सरकवलं तर वीसचा. म्हणूनच शहाणा साउंडवाला फेडरला हात लावायच्या आधी पीएफएलचं बटण दाबतो, त्या एकाच चॅनेलचा फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर बघतो, आणि गेनचा नॉब फिरवून तो शून्य व्हीयूच्या आसपास आणतो. मग फेडर शून्यापाशी ठेवतो. दोन शून्यं एकमेकांना भेटली की बोटाखाली बारीक काम करता येतं. गेन भसाभस वाढवला असेल तर फेडर तळाशीच खेळवावा लागतो, मग गायिकेचा आवाज एकतर गायब नाहीतर अंगावर. पुढच्या गणपतीत नीट ऐका, कळेल.

तिसरं शून्य १९८२ साली सीडीबरोबर घरोघरी आलं. सीडीवर प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे सर्वांत मोठा आकडा ३२७६७. डिजिटलवाल्यांनी शून्य तिथेच ठेवलं, कारण गणिताला तेच सोपं. हे शून्य म्हणजे छत. त्याच्या वर हेडरूम नाही, दाटणं नाही, लहरीचा माथा सरळ कापला जातो. आणि मीटरही बदलला. काटा गेला, प्रत्येक नमुन्याचं टोक दाखवणारी झटपट पट्टी आली. छताला डोकं आपटतंय का, एवढंच तिला ठाऊक. कानाला किती मोठं वाटतंय याबद्दल ती काहीच बोलत नाही.

मग व्हायचं तेच झालं. दोन गाणी लागोपाठ ऐकवली तर किंचित मोठं असलेलं गाणं लोकांना 'चांगलं' वाटतं, हे रेकॉर्ड कंपन्यांना आधीपासून माहीत होतं. छत तर सगळ्यांना सारखंच. तर टोकं दाबायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं! १९९४ मध्ये वेव्ह्ज कंपनीचा एल-१ नावाचा डिजिटल लिमिटर आला, येणारं टोक आधीच बघून दाबणारा, आणि हे काम एका सरकपट्टीवर आलं. पीक मीटर म्हणतोय शून्य, म्हणजे नियमात बसतंय. पण ड्रमचा ठोका आणि गिटारची भिंत यांतला फरकच संपला. २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा कळस झाला. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, आणि चाहत्यांना सीडीपेक्षा गेममधला आवाज बरा वाटला! हजारोंनी पुन्हा मिक्स करा म्हणून ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या इंजिनीअरने तर सांगितलं की माझ्याकडे आलं तेव्हाच ते भिंतीला टेकलेलं होतं.

यातला कुणीही मूर्ख नव्हता. सगळे कसलेले लोक. पण समोरचा मीटर जे दाखवतो तेच लक्ष्य होतं, हे टार्गेटवर काम करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

उपाय पुन्हा मीटरमधूनच आला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, म्हणजे आयटीयूने, बीएस.१७७० नावाचं मानक काढलं. सिग्नल आधी कानासारखा गाळायचा, म्हणजे खालचे सूर कमी धरायचे आणि वरचे थोडे जास्त. मग त्याच्या शक्तीची सरासरी काढायची. शांत भाग सरासरीत न धरण्याची युक्ती नंतर त्यात आली, नाहीतर दहा मिनिटं कुजबुज आणि मध्येच स्फोट असा हिशेब जुळवता आला असता. या एककाचं नाव एलयूएफएस. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारणवाल्यांनी उणे २३ एलयूएफएस ही पातळी ठरवली, अमेरिकेत त्याच वर्षी टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमांपेक्षा मोठ्या नकोत असा कायदा झाला. स्पॉटिफाय सर्वसाधारण सेटिंगवर गाणी उणे १४ ला आणतं. कुणी दाबून दाबून उणे ६ चं गाणं दिलं, तर ते आठ डेसिबल खाली केलं जातं आणि शेजारच्या मोकळ्या गाण्यापुढे चपटं वाटतं.

या मानकातल्या सर्वांत झटपट मीटरची खिडकी ४०० मिलिसेकंदांची आहे. १९३९ च्या काट्याला लागायचे ३००.

आणि आता तो काटाही परत आलाय, सॉफ्टवेअर म्हणून. स्क्रीनवर साय-रंगाची तबकडी, लाल टोक, आणि कुणीतरी आपल्यासारख्याने बसून लिहिलेला कोड, जो क्षणार्धात मिळणारा आकडा मुद्दाम ०.३ सेकंद रेंगाळवतो, वर ते एक-दीड टक्का पुढे जाऊन मागे येणंही करतो. त्याच्या सेटिंगमध्ये एक रकाना असतो: शून्य व्हीयू म्हणजे डिजिटल शून्याच्या किती खाली? तिथे बहुतेक वेळा उणे १८ भरलेलं असतं. अमेरिकन पद्धतीने काम करायचं असेल तर उणे २० करून घ्या.