बंदीपूरच्या दहा खेपा

मी आनेकलहून बोलतोय. बेंगळुरूच्या दक्षिणेचा हा तालुका बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. फेब्रुवारीत इथलं गवत वाळतं आणि संध्याकाळी फिरायला निघालो की माझी नजर धूर शोधू लागते. ही सवय 2019 सालची.

त्या फेब्रुवारीत बंदीपूरच्या जंगलात वणवा भडकला. वाळलेलं गवत आणि जंगलभर माजलेली घाणेरी, त्यात जोराचा वारा. वनरक्षक, मजूर आणि स्वयंसेवक हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. अखेर 25 फेब्रुवारीला हवाई दलाची दोन एमआय-17 हेलिकॉप्टर तमिळनाडूतल्या सुलूर तळावरून आली. त्या दिवशी दहा खेपांमध्ये सुमारे 30,000 लिटर पाणी टाकलं गेलं. टीव्हीवर ते पाहून शेजारी म्हणाले, "कर्नलसाहेब, आता आग विझली समजा."

मी कागद-पेन्सिल घेतली. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. म्हणजे दहा खेपांचं पाणी एका हेक्टरवर, अडीच एकरांवर, तीन मिलिमीटर पावसाएवढं! आणि वणवा हजारो एकरांत. मग हेलिकॉप्टर कशासाठी?

उत्तर इतिहासात सापडतं. 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यावर लहानसं बेल हेलिकॉप्टर वापरलं गेलं, ते माणसं आणि सामान पोहोचवायला. पाणी टाकणं नंतर आलं. सुरुवातीच्या बादल्या कडक असत, त्यांची ने-आण वेगळी करावी लागे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या डॉन आर्नी यांनी घडी होणारी बादली बनवली, तीच 'बांबी बकेट'. घडी करून हेलिकॉप्टरच्या पोटात ठेवायची, आगीजवळ पोहोचलं की दोराने खाली टांगायची, तलावात बुडवून भरायची आणि वैमानिकाने बटण दाबलं की तळाची झडप उघडते. आज अमेरिकेतलं स्कायक्रेन हेलिकॉप्टर लोंबत्या नळीने मिनिटभरात सुमारे 10,000 लिटर पाणी ओढतं. चिनूकसारखी हेलिकॉप्टर तिथे रात्रीही पाणी टाकतात.

आपल्याकडे 2016 मध्ये उत्तराखंडात भीमतालचं पाणी उचललं गेलं, तेव्हा दाट धुरामुळे उड्डाणं अडली होती. 2022 मध्ये सरिस्कासाठी सिलीसेढ तलाव कामी आला. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले, तेव्हा हवाई दल आणि नौदल दोघांचीही हेलिकॉप्टर उतरली.

वैमानिकाचं काम मात्र सोपं नाही. फार उंचावरून टाकलं तर पाण्याचे तुषार होऊन वाऱ्यावर जातात. फार खाली आलं तर पंख्याच्या वाऱ्याने आग आणखी भडकते. उन्हात हवा विरळ होते, मग तेच यंत्र कमी वजन उचलतं. म्हणून पाणी सगळ्या जंगलावर टाकत नाहीत. आगीच्या पुढे सरकणाऱ्या तोंडावर, नाहीतर माणूस पोहोचू शकत नाही अशा कड्यावर टाकतात. ज्वाळा घटकाभर खाली बसतात. त्या घटकेत खालच्या माणसांनी पुढे सरसावून जाळरेषा काढायची, धुमसते ओंडके विझवायचे. ते झालं नाही, तर तासाभरात आग पुन्हा उठते.

मी पायदळातला माणूस, हे मला ओळखीचं वाटतं. तोफखाना आणि विमानं शत्रूचं डोकं खाली दाबतात. टेकडी मात्र पायी चढणाराच घेतो. त्याच्याकडे बूट, पाणी आणि बिनतारी संच नसेल, तर वरचा मारा वाया जातो.

2017 मध्ये याच बंदीपुरात आगीशी लढताना एका वनरक्षकाचा जीव गेला. हेलिकॉप्टर बोलावलं की बातमी होते. पण जानेवारीत जाळरेषा साफ झाल्या का, हंगामी मजुरांना वेळेवर पगार आणि जाड बूट मिळाले का, याची बातमी होत नाही. वणव्याची लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

हेलिकॉप्टर हवंच, आणि लवकर हवं. आग लहान असताना आलेली एक खेप, ती पसरल्यावरच्या दहा खेपांपेक्षा मोलाची. पण आकाशात ते दिसलं की टाळ्या वाजवताना नजर जरा खालीही वळवा. धुरात, हातात फांदी घेतलेला एक माणूस तिथे उभा असेल.

जय हिंद.