उचल कोणाची?

ट्रॉयमधले बिग बीव्हर, वॉटल्स, लॉन्ग लेक, स्क्वेअर लेक हे रस्ते एकमेकांपासून मैलामैलाच्या अंतरावर का आहेत, हे इथे वाढलेल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. 1785च्या जमीन-कायद्याने नव्या मुलखाची चौरस मैलाच्या, म्हणजे 640 एकरांच्या तुकड्यांत आखणी ठरवली. 1825मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर न्यूयॉर्क राज्यातून आलेले शेतकरी मिशिगनमध्ये असे तुकडे विकत घेऊ लागले. 1827मध्ये ट्रॉयची टाउनशिप झाली, शहर मात्र थेट 1955मध्ये. मधली सव्वाशे वर्षं हा शेतांचा गाव होता. माल विकायला डेट्रॉईटचं ईस्टर्न मार्केट 1891पासून होतं आणि शेजारच्या रॉयल ओकचा शेतकरी बाजार 1925पासून. तो आजही भरतो. पुढे आय-75 हमरस्ता आला, शेतांवर कचेऱ्या आणि वसाहती उभ्या राहिल्या. 1965च्या कायद्यानंतर आलेल्या आपल्या पिढीची घरंही त्याच शेतांवर आहेत, हे मी मुद्दाम नोंदवतो.

शेत दूर गेलं की मध्ये माणसं येतात. महाराष्ट्रात त्यांतला मुख्य माणूस अडत्या. पुण्याची मंडई 1886मध्ये उभी राहिली. हा खर्च शिक्षणावर व्हावा, म्हणून जोतीराव फुल्यांनी पालिकेत तिला विरोध केला होता आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे! पण इमारत कितीही देखणी असली, तरी शेतकऱ्याची खरी अडचण पेरणीच्या आधीच सुरू होते. बियाणं, खत, मजुरी यांसाठी हातात पैसा नसतो. अडत्या उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर न्यावा लागतो, मग भाव काहीही असो. 1963च्या बाजार समिती कायद्याने लिलाव उघड्यावर आणले. 2016मध्ये फळं-भाज्या समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या आणि शहरांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार वाढले. उचलीची गरज मात्र कायद्याने संपत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला 1986मध्ये एक उत्तर मिळालं. मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मवर रॉबिन व्हॅन एन आणि त्यांच्या सोबत्यांनी गिऱ्हाइकांकडूनच उचल घेतली. (त्या नावातला 'इंडियन' आपण नव्हे.) हंगामाआधी पैसे भरायचे आणि पुढे दर आठवड्याला पिकाचा वाटा न्यायचा. जपानमध्ये असाच प्रयोग 'तेइकेई' या नावाने 1970च्या दशकातच रुजला होता. मला यात बलुत्याची आठवण होते : सुगी चांगली तर वाटा मोठा, दुष्काळ पडला तर लहान. पण बलुत्याचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यातली जात विसरू नये. तिथला वाटा जन्माने बांधलेला होता, इथला दर वर्षी राजीखुशीने ठरतो.

वाट्याचा अर्थ नुकसानीतच कळतो. 2012मध्ये मिशिगनला मार्चमध्येच उन्हाळ्यासारखी ऊब आली, सफरचंदं आणि चेरी वेळेआधी फुलल्या आणि एप्रिलच्या हिमाने मोहोर जाळला. राज्याचं सुमारे नव्वद टक्के सफरचंद गेलं. दुकानांत त्या वर्षीही वॉशिंग्टन राज्याची सफरचंदं होती. खाणाऱ्याचं फारसं अडलं नाही, पीक गेलं ते बागाईतदाराचं. ज्याने आगाऊ वाटा घेतला असेल, त्याची टोपलीही अशा वर्षी हलकी होते. तिथे घासाघीस करायची सोय नाही, आणि आपल्यातल्या अनेकांना हे जड जातं. पिकवणाऱ्याशी थेट व्यवहार म्हणजे स्वस्त भाजी, अशी आपली समजूत असते. जून-जुलैत स्ट्रॉबेरी, ऑगस्टमध्ये मका, दिवाळीच्या सुमाराला लाल भोपळा, आणि मध्ये एखादा आठवडा नुसता कोबी : वाटा हा असा असतो.

अशा शेतांची नोंदणी साधारणपणे हिवाळ्यात, बियाणं मागवायच्या दिवसांत सुरू होते. तेव्हा बिग बीव्हरच्या कडेला बर्फाचे ढीग असतात आणि भाजीची आठवणही कोणाला नसते. शेतकऱ्याला पैसा लागतो तो मात्र नेमका तेव्हाच.