कच्चे मडके आणि नवा जन्म

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तिथली एक कथा आपण कीर्तनात ऐकली असेलच. संतमंडळी जमली असता गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेव तर विठ्ठलाचे लाडके! तरी त्यांना गुरूकडे जावे लागले. भक्त म्हणवणे निराळे आणि आतून भाजून निघणे निराळे.

हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मातही आहे. ती मंडळी 'तारण' हा शब्द वापरतात. आपण सावकाराकडे दागिना ठेवतो त्यालाही तारणच म्हणतो. पण इथे अर्थ तारून नेण्याचा. पुरात वाहून चाललेल्याला कुणी हात द्यावा, तसा. त्याने मोल द्यायचे नसते, हात धरायचा असतो. माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर ईश्वराच्या कृपेने, येशूवरील विश्वासाने पापातून सुटतो, असे तो धर्म मानतो.

आणि नवा जन्म? योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक विद्वान रात्री येशूकडे येतो. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा जन्म घ्यावा तरी कसा, असे तो विचारतो. हा जन्म आत्म्याचा, असे त्याला उत्तर मिळते. म्हणजे हा चौऱ्यांशी लक्ष योनींतला पुनर्जन्म नव्हे. याच देहात, याच आयुष्यात मन पालटणे, तो हा जन्म. गुरुजींनी वर्गात हा भेद आवर्जून सांगावा.

याचे आपल्या महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. आईबाप दुष्काळात गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या मोकळेपणाने सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव यायला पुढे आठ वर्षे लागली. एवढी मोठी पंडिता; पण आपले मडके कच्चे होते, हे तिने स्वतःच सांगितले.

त्या निष्ठेची किंमतही मोजावी लागली. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. तिथे काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ साली मोठी ओरड झाली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, या भरवशावर मुली पाठवलेल्या पालकांची भीती खोटी नव्हती. बाईंची श्रद्धाही खोटी नव्हती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार बायका-मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावी आणल्या. त्या वसतीचे नाव ठेवले 'मुक्ती'. तिथे मुक्तीचा अर्थ भाकरी, अक्षरओळख आणि हाताला काम, असाही झाला. १९१२ साली आपल्या उमरग्यापलीकडे, निजामी राज्यातल्या गुलबर्ग्याला त्यांनी शाळा काढली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

बाईंचा धर्म सर्वांना पटो न पटो. पण मडके पक्के की कच्चे, ते पाणी भरल्यावरच कळते. दुष्काळाच्या त्या वर्षी केडगावचे मडके गळले नाही.