उद्याच्या डोळ्यांनी कालचे शहर

विज्ञानकथा म्हणजे उडत्या तबकड्या, आणि अनुबोधपट म्हणजे मुख्य चित्रपटाआधी नाइलाजाने पाहावयाची रिळे, अशी आपल्याकडे समजूत असे. या दोहोंचा शहराच्या इतिहासाशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो फार जवळचा आहे.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९७५ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘सिटी ऑन द वॉटर’ हा अनुबोधपट केला. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना त्यांनी प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह साठीच्या दशकात मांडली होती. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. जी नगरी अजून उभी नाही तिच्या गच्चीवरून आजच्या मुंबईकडे पाहावयाचे, ही युक्ती विज्ञानकथेचीच होय.

परंतु हा ‘उद्या’ कोऱ्या कागदावर रेखाटलेला नव्हता. तेथे ९५ गावे होती, त्यांची भातखाचरे होती, मिठागरे होती. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी उठले आणि जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. नऊ वर्षे आधीच्या चित्रपटात हे कोठून दिसणार? तरीही आज तो पाहताना आम्हांस पडद्यावरच्या आराखड्यापेक्षा त्याखालची शेतेच अधिक दिसतात.

याउलट दिशेनेही जाता येते. जॉन अकोम्फ्रा यांच्या १९९६ सालच्या ‘द लास्ट एंजल ऑफ हिस्टरी’ या अनुबोधपटात भविष्यातून एक माहितीचोर येतो आणि कृष्णवर्णीयांच्या भूतकाळाचे तुकडे वेचतो. आपल्या जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत तर १७६१चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या जगातील मुंबईत जाऊन पोहोचतात. आणि तेथे करतात काय, तर ग्रंथालय गाठतात! इतिहासाचा प्राध्यापक दुसरे काय करणार?

असा पाहुणा शंभर वर्षांनी लोणी काळभोरास आला तर? राज कपूर यांच्या शेतावर त्यास विद्यापीठ दिसेल, कदाचित तेलाच्या टाक्याही दिसतील. २०२१ साली येथील पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयात गेले, हे दप्तरात सापडेल. पण ऊस कोणत्या बांधापर्यंत होता, हे त्यास सातबाऱ्यावरील पीकपाहणीवाचून कोण सांगणार? घरोघरच्या ट्रंकांतील जुन्या उताऱ्यांची छायाचित्रे आधी घेतली जावीत. चित्रपट मागाहून काढता येईल.