मझौलीची वाट आणि माणसांची मोजणी

जबलपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, हिरन नदीच्या मुलखात मझौली हे तहसिलीचे ठिकाण आहे. तेथील विष्णुवराह मंदिरातील भव्य वराहमूर्ती कलचुरी काळातील मानली जाते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. आज आडबाजूचा वाटणारा हा भाग एके काळी राजधानीच्या सावलीत होता. आडबाजू केवळ भूगोलाने ठरत नाही; वाटा कोठून काढल्या, यावरही ती ठरते.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, १७९८ पासून ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर व विदर्भ एकाच राज्यात नांदले.

इंग्रजी अमलात मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा मोठा रस्ता सिहोऱ्यावरून गेला. १८६७ मध्ये अलाहाबादकडून लोहमार्ग आला, तोही सिहोऱ्यावरूनच. मार्च १८७० मध्ये मुंबईकडील मार्ग जबलपुरात त्याला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता ही दोन टोके रुळांनी जोडली गेली. मझौली सिहोऱ्याच्या पश्चिमेला सुमारे वीस किलोमीटरवर राहिली. नकाशावर हे अंतर नखाएवढे दिसते. परंतु या भागातील शेतीची ‘हवेली’ पद्धत लक्षात घेतली पाहिजे. शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी पावसाळाभर साठवायचे आणि ते सोडल्यानंतर गहू-हरभरा पेरायचा, अशी ही रीत. काळी माती, भरलेली शेते आणि मधून जाणारी गाडीवाट! ज्या पाण्यावर गहू पिके, तेच पाणी गावाची वाट अडवी.

याची किंमत दुष्काळात मोजावी लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर, १९०१ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या ६,८०,५८५ भरली. दहा वर्षांत ती सुमारे नऊ टक्क्यांनी घटली होती. ज्या जिल्ह्यात देशाचे दोन लोहमार्ग एकत्र आले, त्याच जिल्ह्याची ही अवस्था. रुळांवरून धान्य येऊ शकते तसे जाऊही शकते, आणि स्थानकापर्यंत आलेले धान्य घराघरांत पोहोचतेच असे नाही. (२०११ मध्ये जिल्ह्याची संख्या २४,६३,२८९ झाली, मात्र कटनी १९९८ मध्ये वेगळा झाल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही.)

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे बस, रेल्वे, शाळा यांची नोंद असते. सोय गावात नसेल, तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे, एवढेच एका अक्षराने सांगितले जाते. दहाच्या पुढचे अकरा आणि तीस तेथे सारखेच. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलीला मात्र हा फरक पुरता ठाऊक असतो.

पुढे मोजणी हीच वाटेची अट झाली. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मैदानी भागात पाचशे आणि डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी भागांत अडीचशे लोकवस्तीची मर्यादा घातली. आधार २००१ च्या जनगणनेचा. येथे एकक गाव नव्हे, वस्ती होती. पाचशे मीटरच्या आतील वस्त्या एकत्र मोजण्याची मुभा होती, हे शहाणपणाचेच. तरीही ज्या वस्तीतले तरुण कामासाठी बाहेर पडले, तिचा आकडा घटे. आकडा घटला की रस्ता दुरावे. आणि रस्ता नाही म्हणून आणखी माणसे बाहेर पडत. कोठे तरी रेघ ओढावी लागते हे मान्य केले, तरी ४९९ माणसांच्या वस्तीला ते समजावणे कठीण.

सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. त्यासाठी आधार धरला तो २०११ च्या जनगणनेचा, कारण २०२१ ची जनगणना झालीच नव्हती. त्या मोजणीनंतर जन्मलेली मुले तोवर सातवीपर्यंत पोहोचली होती.