मणिभवन : एका वास्तूची साक्ष

मुंबईत गावदेवी भागातील लॅबर्नम मार्गावर मणिभवन ही वास्तू आहे. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईस आले म्हणजे त्यांचा मुक्काम बहुधा येथे असे. घर मात्र त्यांचे नव्हे. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. गांधीजींचे जुने स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांचे हे बंधू. स्मारक पाहताना यजमानाचे विस्मरण होते, म्हणून ही नोंद आरंभीच केलेली बरी.

दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली राखून ठेवण्यात आली आहे. जमिनीवर अंथरलेली बैठक, चरखे, आणि जवळजवळ काहीच नाही. प्रस्तुत लेखक तेथे उभा राहिला तेव्हा त्या शांततेचा प्रभाव त्याच्यावरही पडला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या शांततेविषयी सावध असावे, कारण ती मागाहून आलेली आहे.

७ एप्रिल १९१९ रोजी ‘सत्याग्रही’ हे पत्र मुद्दाम नोंदणीवाचून काढण्यात आले. रौलट कायद्याविरुद्धच्या त्या लढ्याची सूत्रे या घरातून हालत होती, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी बोलले जाते ते नोव्हेंबर १९२१ विषयी.

१७ नोव्हेंबर रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले. बहिष्कार पुकारलेला होता. परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी वस्त्रांची होळी झाली. त्याच दिवशी स्वागताहून परतणाऱ्या पारशी व ख्रिस्ती नागरिकांवर जमावाने हल्ले केले, दारूची दुकाने फोडली. पुढे त्याला प्रत्युत्तर मिळाले आणि खादीधाऱ्यांना मार बसला. पन्नासांवर माणसे प्राणास मुकली. मारणाऱ्यांच्या तोंडी गांधीजींचाच जयघोष होता. ते स्वतः रस्त्यांवर हिंडून हे पाहून आले आणि १९ नोव्हेंबरला मणिभवनात उपोषणास बसले. २२ तारखेस, निरनिराळ्या समाजांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन शांततेची ग्वाही दिल्यावर, ते सोडले. बारडोलीचा नियोजित सामुदायिक कायदेभंगही लांबणीवर पडला.

या उपोषणास विजयाच्या मालिकेत गुंफण्याचा मोह अनेकांना होतो. आमच्या मते तो अन्वयार्थ टिकणारा नाही. हे उपोषण परसत्तेविरुद्ध नव्हते. आपल्याच अनुयायांनी केलेल्या हिंसेचे उत्तरदायित्व नेत्याने स्वतःवर घेतले, असा तो प्रसंग आहे. आणि चौरीचौऱ्यानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांनी चळवळ थांबविली, त्या निर्णयाची पूर्वपीठिका याच घरात सापडते. तो निर्णय आकस्मिक म्हणणाऱ्यांनी हे चार दिवस विचारात घेतलेले दिसत नाहीत.

जिना चढून गच्चीवर गेले की दुसरी तारीख आठवते. गोलमेज परिषदेहून परतल्यावर गांधीजी येथे तंबूत निजत असत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलीस त्यांना पकडण्यास आले. तो सोमवार, म्हणजे त्यांचा मौनाचा वार होता; जे काही सांगावयाचे ते त्यांनी कागदावर लिहून सांगितले आणि येरवड्यास जाण्यासाठी ते खाली उतरले.