वॉटसन हॉटेल: बिडाच्या खांबांवरची इमारत

पॉडकास्ट नाशिकचा, पण आजचा भाग मुंबईत, काळा घोड्याला. त्याला कारण आहे. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला. 'राजा हरिश्चंद्र' केल्यावर त्यांनी मुंबईतलं बिऱ्हाड हलवलं, नाशकात आले आणि पुढचे कितीतरी चित्रपट इथेच काढले. पण आपल्या देशात पडद्यावर पहिल्यांदा चित्र हललं ते एका हॉटेलात, वॉटसनमध्ये. त्या खेळाबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचंय ते इमारतीबद्दल, कारण ती अजून उभी आहे आणि ती पाडायची की नाही यावर बरीच वर्षं भांडण चाललंय.

जॉन हडसन वॉटसन हा मुंबईतला इंग्रज कापड व्यापारी. १८६० नंतर फोर्टाचा कोट पाडला गेला, मैदानाच्या कडेची जागा मोकळी झाली, तिथे त्याने प्लॉट घेतला. बांधकाम १८६७ ते ६९. आणि बांधकाम म्हणजे काय, तर जोडकाम! खांब, तुळया, कठडे सगळं इंग्लंडमध्ये ओतलं, जहाजात भरलं आणि इथे आणून एकमेकांना जोडलं. सुएझ कालवा उघडला नोव्हेंबर १८६९ मध्ये. त्याआधी असा जड माल अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायचा. आजकाल कपाट सुट्या भागांत घरी येतं ना, तसं हे हॉटेल आलं. पाच मजल्यांचं.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर त्याने काम केलं होतं, आणि सेंट पँक्रस स्टेशनच्या त्या अवाढव्य छपरातही त्याचा हात होता. म्हणजे स्टेशनांची आणि पुलांची भाषा बोलणारा माणूस. त्याने मुंबईत हॉटेल केलं तेही त्याच भाषेत.

ही भाषा समजायला लंडनला जायची गरज नाही, जुन्या नाशकातला कुठलाही वाडा चालेल. वाड्यात वजन कोण पेलतं? सागवानी खांब आणि तुळया. भिंत नंतर, मधल्या जागेत भरायची. म्हणून तर वाड्यातली जागा खणात मोजतात. चार खांबांच्या मधला तो एक खण. वॉटसन हॉटेल हा तसाच सांगाडा आहे, फक्त सागाच्या जागी बीड. हो, बिडाच्या तव्यातलंच बीड. तवा हातातून पडला तर तडकतो, पण त्यावर कितीही वजन ठेवा, हूं की चूं करत नाही. बिडाचा स्वभावच तो: दाब सोसतं, ताण आणि धक्का सोसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भिंतींवर भार नाही म्हटल्यावर बाहेरची बाजू मोकळी ठेवता आली. म्हणून प्रत्येक मजल्यावर लांबच लांब बाल्कन्या. खोल्या सुमारे १३०, मधोमध काचेचं छत असलेला चौक, तिथे नाचाचे कार्यक्रम. हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. वाढायला इंग्लंडहून आणलेल्या मुली. त्यावर तेव्हा लोक थट्टेने म्हणायचे की वॉटसनने तिकडची हवापण आणली असती तर बरं झालं असतं.

जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला. खोकल्याने बेजार होता, त्यामुळे बाहेर फिरण्यापेक्षा खोलीतच जास्त. बाल्कनीत येणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने धमाल लिहिलंय. पण मला त्या प्रवासवर्णनातली दुसरी गोष्ट विसरता येत नाही. बाल्कनीच्या मोठ्या काचेच्या दाराशी एक देशी नोकर गुडघ्यावर बसून काहीतरी करत होता. काम मनासारखं झालं नाही म्हणून एका धिप्पाड जर्मन माणसाने, काही न सांगता, त्याच्या तोंडात मारली. नोकर गप्प राहिला. ट्वेनला एकदम मिझुरीतलं लहानपण आठवलं, घरातले गुलाम आठवले. हॉटेल म्हटलं की आपल्याला झुंबरं आठवतात. ती काचेची दारं पुसणारे हात कुणाचे होते, हे त्या परक्या माणसाने लिहून ठेवलं म्हणून कळलं.

त्याच वर्षी, ७ जुलैला, ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत थांबला होता, त्याने इथे सहा छोट्या फिल्म दाखवल्या. तिकीट एक रुपया, तेव्हाचा! स्टेशनात येणारी गाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रात डुंबणारी माणसं आणि एक भिंत पाडतानाची फिल्म. आज या इमारतीची अवस्था बघता ती शेवटची फिल्म जरा टोचतेच. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला. तिथे पुढे चार आण्यांचीही तिकिटं निघाली, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय झाली. माझ्या मते सिनेमा खरा आपला झाला तो तिथे. वॉटसनमध्ये तो फक्त उतरला होता, पाहुण्यासारखा.

आता तुमच्या मनातला प्रश्न. जमशेटजी टाटांना इथे दारात अडवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, खरं का? गोष्ट झकास आहे, फॉरवर्डही भरपूर होते, पण तिला त्या काळातला भक्कम पुरावा नाही आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. गोऱ्यांचा तोरा होता, यात वाद नाही. पण १९०३ मध्ये ताज उघडलं त्याला फक्त एका अपमानाचं कारण चिकटवणं म्हणजे टाटांच्या डोक्यातली मुंबई लहान करणं.

ताज आल्यावर वॉटसनचं गिऱ्हाईक ओसरलं. हॉटेल बंद पडलं, मालकी बदलली, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं. खोल्यांच्या आणखी खोल्या झाल्या, मधे पार्टिशनं, पोटमाळे. कोर्ट जवळ, म्हणून वकिलांची ऑफिसं. शिवाय कुटुंबं, दुकानं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. फाळणीनंतरच्या घरटंचाईत त्याने लाखो भाडेकरूंना वाचवलं, हे विसरायला नको. पण पुढे मालक म्हणतो एवढ्या भाड्यात डागडुजी कशी करू, भाडेकरू म्हणतो घर तुझं, तू कर. मधल्या मधे पाणी मुरतं. लोखंड गंजलं की फुगतं, जोड सुटतात, वरून पार्टिशनांचं नवं वजन. आणि बीड आधी वाकून इशारा देत नाही, सरळ तडकतं.

जुलै २००५ मध्ये बाल्कन्यांचा भाग कोसळला. एकाचा जीव गेला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंत हिचं नाव घातलं होतं. २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणाला, दुरुस्तीपलीकडे गेलीय, पाडा. वारसा जतन करणारे वास्तुतज्ज्ञ म्हणाले, वाचवता येईल. मी दुसऱ्या बाजूचा. सुटे भाग जोडून केलेली इमारत एकेक भाग बदलून वाचवता येते, निदान आधी तसा प्रयत्न तरी व्हावा. पण तिच्या खालून रोज जाणाऱ्याला मी हे ठामपणे कसं सांगू? बाल्कनी माझ्या डोक्यावर नाहीये.

आणि हे फक्त मुंबईचं आहे असं नाही. दर पावसाळ्याआधी आपली महापालिका गावातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. मालक-भाडेकरू कोर्टात, सागवान पावसात. तोच सांगाडा, तेच भांडण.

काळा घोड्याला गेलात तर समोरच्या फुटपाथवरून बघा, इमारतीखाली नको. एक खांब धरा आणि नजर खालून वर न्या: मजल्यामागून मजला, खांबावर खांब, एका रेषेत. पुढच्या भागात आपण गंगेकाठी, सरकारवाड्यात. तिथले खांब मोजायला या.